आठव्या मजल्याचा मान

'नभांगण' नगरमध्ये उभी राहिली ती १९८५ साली. आठ मजले होते. बिल्डरने जाहिरातीत तिला 'गगनचुंबी' म्हटलं होतं. त्या काळी नगरचं गगन बरंच खाली असावं. तिची लिफ्ट बघायला खेड्यापाड्यांतून लोक टेम्पो भरून यायचे. चपला बाहेर काढून भक्तिभावाने आत शिरायचे आणि वर पोचल्यावर चपलांसाठी जिना उतरून खाली यायचे.

भीमराज भिंगारदिवे तेव्हा टेलिफोन खात्यात होते. भिंगारला दोन खोल्यांत भाड्याने राहत. ते चौकशीला गेले तेव्हा बिल्डरच्या माणसाने हसून नकाशा पुढे केला. दुसरा मजला रिकामा होता, तिसराही. मग त्याने आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि दुसरा मजला तिथल्या तिथे भरला. लगोलग तिसराही भरला. इतक्या झपाट्याने फ्लॅट खपल्याचं दुसरं उदाहरण नगरमध्ये नसेल.

“आठवा आहे,” तो म्हणाला. “वर हवा छान असते.”

आठवा शिल्लक होता, कारण तो कोणालाच नको होता. पाणी चढणार नाही, भूकंप झाला तर काय, लिफ्टचा दोर तुटला तर काय, अशी गावात चर्चा होती. भीमराजांना सगळं कळत होतं. तरी त्यांनी सही केली.

“येवढ्या वर कशाला?” त्यांच्या बायकोने, काष्टीचं माहेर असलेल्या सुमनबाईंनी विचारलं.

“खाली जागा नव्हती.”

“नव्हती, का दिली न्हाई?”

“लिफ्ट आहे,” भीमराज म्हणाले.

वर्षभर शेजाऱ्यांना आठवा मजला असल्याची कल्पनाही नव्हती. मग गावभरची दिवाळीची आतषबाजी भिंगारदिव्यांच्या गॅलरीतून दिसते, असा शोध लागला आणि शेजारधर्म जागा झाला. तिथून भुईकोट किल्ला दिसायचा, हवा स्वच्छ असली तर डोंगरावरचा चांदबिबीचा महालही. मंडळी यायची, मन भरून बघायची. चहा पुढे आला की मात्र साऱ्यांनाच एकदम पित्त व्हायचं.

तिसऱ्या मजल्यावर आबासाहेब राहत. बियाणांचं दुकान, पिळदार मिशी. त्यांच्या थोरलीला बघायला बेलापूरचे पाहुणे यायचे होते, तेव्हा ते वर आले.

“पाव्हण्यांना जरा तुमची गॅलरी दाखवायचीय,” ते म्हणाले. “घर कोणाचं, हे सांगत बसायची काय गरज नाही.”

“मग आमी कुटं जायचं?” सुमनबाईंनी विचारलं.

“जाता कशाला? राहा की घरातच. कामाला असल्यासारख्या.”

सुमनबाईंचा चेहरा उतरला. भीमराज शांतपणे म्हणाले, “या घेऊन.”

पाहुणे आले, गॅलरीवर खूश झाले. आत येऊन बसताना मुलाच्या वडिलांची नजर भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींवर गेली. त्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब किल्ल्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून भीमराज बाहेर आले आणि पाहुण्यांशेजारी बसले. “मी भीमराज भिंगारदिवे. हे घर माझं. आबासाहेब तिसऱ्या मजल्यावर असतात. तिथून रस्ता छान दिसतो.”

सुमनबाईंनी चहा आणला. मुलाच्या वडिलांनी पहिला कप उचलला आणि निवांत प्यायला लागले. आता आबासाहेबांना पित्त होऊन चालणार नव्हतं. लग्न जमलं. त्याचं सगळं श्रेय आबासाहेबांनी पुढे कित्येक वर्षं स्वतःच्या मोकळ्या विचारांना दिलं.

आता समोर चौदा मजल्यांचा टॉवर उभा आहे. किल्ला नाही, महाल नाही. गॅलरीतून दिसतात ते कोणाचे तरी वाळत घातलेले टॉवेल. गेल्या वर्षी 'नभांगण'ची लिफ्ट बंद पडली. कमिटीने विषय गांभीर्याने घेतला, म्हणजे बैठका घेतल्या. खालच्या मजल्यांचं म्हणणं, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. भीमराज शहात्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. दोन महिने ते घराबाहेर पडले नाहीत. दाढीसुद्धा घरीच, सुमनबाईंनी आरसा धरून.

अशात इमारतीला चाळीस वर्षं झाली. चेअरमन आबासाहेबांचा फोन आला. “पहिल्या रहिवाशांचा सत्कार आहे. खाली या.”

“खाली येईन. परत वर कोण आणणार? वरच करा सत्कार.”

फ्लेक्सवर भीमराजांचा फोटो छापून झाला होता. इलाज नव्हता. कमिटी निघाली. चौथ्या मजल्यावर गप्पा थांबल्या, पाचव्यावर नारळ राहिला, सहाव्यावर खजिनदार राहिले. आठव्यावर आबासाहेब पोचले तेव्हा शाल त्यांनी स्वतःचाच घाम पुसायला घेतली होती.

तरी भाषण झालं. “या वास्तूत... कधीही... भेदभाव झाला नाही. भिंगारदिवे साहेबांना तर आम्ही... पहिल्यापासून... सर्वांत वरचं स्थान...” पुढचं त्यांना खुर्चीत बसून म्हणावं लागलं, आणि ते कोणालाच ऐकू आलं नाही.

सुमनबाईंनी पंखा वाढवला. “दम खा. अजून उतरायचंय. गुडघ्याला उतरतानाच लई तरास हुतो.”

पुढच्याच आठवड्यात लिफ्टचा मेकॅनिक आला.

लिफ्ट सुरू झाली त्या दुपारी दोघं खाली उतरले आणि रिक्षा करून भिंगारला गेले. बाजारातल्या ओळखीच्या दुकानात भीमराजांनी निवांत केस कापून घेतले. मग रस्त्याकडेच्या बाकावर बसून माणसं बघत राहिले. सुमनबाई दोनदा म्हणाल्या, चला आता. ते म्हणाले, “बसू थोडं. इथून सगळं जवळून दिसतं.”