गाठीआत्तीची तिसरी गाठ

गाठीआत्ती औषध देण्याआधी पदर मागायची. बाप्या माणूस असला तर टॉवेल. त्याच्या टोकाला तीन गाठी मारायची आणि सांगायची, "रोज सकाळी एक सोडायची. तिन्ही सोडून बी दुखणं ऱ्हायलं, तर माझ्याकडं यायचं न्हाई. मिरजेच्या दवाखान्याची गाडी धरायची." पलूसजवळच्या आमच्या गावात ती आमची शेजारीण. नात्यानं कुणी नव्हती, पण सासूच्या वयाची म्हणून मी आत्ती म्हणायचे.

औषधाआधी ती कारण विचारायची. माझ्या छातीत जळजळायचं तेव्हा म्हणाली, "सकाळधरनं काय पोटात गेलं?"

मी मुळातच कमी बोलते. हळूच म्हटलं, "चहा."

"उपाशीपोटी दोन कप चहा, अन् वर तंबाखूची मिसरी. मग पोट जळंल न्हाईतर काय गाणं म्हणंल?" तिनं धने-जिरं भिजवलेलं पाणी दिलं. दुसरी गाठ सोडेपर्यंत मला बरं वाटलं.

नियमाला मात्र ती कडक होती. पलीकडच्या आळीतले एक फौजी, पेन्शनीत आलेले, खोकल्याला अडुळसा घेऊन गेले. चौथ्या दिवशी परत आले, तर तिनं दारातूनच हाकललं. "आवं, हितं कशाला उभं ऱ्हायलाय? गाडी जाईल." मिरजेत त्यांना क्षय निघाला. औषधं पुरी केली, आज ते ठणठणीत फिरतात.

स्वतःच्या कमरेची मिसरीची डबी तिनं कधी सोडली नाही. आम्हाला रागवायची आणि रागवता रागवताच बोट दातावर फिरवायची.

गेल्या साली उसाला तोड आली त्या सुमाराला आत्ती भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. "पित्त हाय. घास अडतोय जरा," म्हणाली. तिच्या पदराला तीन गाठी दिसल्या, मला बरं वाटलं. रोज एक कमी होत गेली. चौथ्या दिवशी बघते तर पुन्हा तीन. त्यानंतर मी रोज मोजायचे. तीन, दोन, एक, आणि परत तीन. पोळकं दंडात ढिलं झालं. भाकरीची पेज झाली. ऊस जाऊन रानं मोकळी झाली, तरी गाठी चालूच.

एकदा गिरणीत बायका जमल्या होत्या. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "आत्ती, मिरजेला जाऊया की."

"अगं बया! मुकी बोलाय लागली की गं! हिला डागदरीन करा आता." सगळ्या हसल्या. मीही हसले. परत कधी विषय काढला नाही.

पाणीसुद्धा उतरेना तेव्हा तिच्या मुलानं मिरजेला गाडी केली. सुनेबरोबर मीही गेले. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?" मुलगा सुनेकडे बघायला लागला. मला सगळं ठाऊक होतं. मी खाली बघत उभी राहिले.

डॉक्टर गेल्यावर आत्तीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता. "माझ्या गाठी मोजत व्हतीस न्हवं? मला दिसत व्हतं." मग म्हणाली, "परत का बोलली न्हाईस गं?"

अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. पंधरा दिवसांत ती गेली.

गेल्या आठवड्यापासून माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. तिखट लागलं की आग होते. मिसरी टाकून दिली, तूप लावलं, पदराला तीन गाठी मारल्या. आज सकाळी तिसरी सोडली. चट्टा आहे तसाच आहे. दुपारी भांडी घासून पदराला हात पुसले, आणि बघते तर माझी बोटं परत गाठ मारत होती.

ती सोडली आणि लिहायला बसले. तोंडानं सांगणं मला जमणार नाही. हे रानातून आले की ही वही त्यांच्या ताटाशेजारी उघडी ठेवणार आहे.