बारमाही टायरच्या शोधात, बेंबळीच्या वाटेवर

सोलापूरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत टायरचे सहा तुकडे. प्रत्येक फूटभर लांब, तीन नक्ष्यांचे दोन-दोन. मी पुण्यातल्या एका टायर कंपनीत नोकरीला होतो आणि हे माझे नमुने होते. शेजारच्या आजोबांनी एक तुकडा वाकवून पाहिला आणि चपलेचे तळ जोडी कसे दिले, असं विचारलं. मी जरा फणकाऱ्यानेच सांगितलं की हे जीपगाडीच्या टायरचं काम आहे. त्यांनी मान डोलावली, पण तुकडा पायाला लावून माप पाहिलंच.

उस्मानाबादेजवळच्या (तिथले जुने लोक धाराशिवच म्हणतात) एका दूध संस्थेचं पत्र आमच्या कंपनीला आलं होतं. वेगाने पळेल, चिखलात रुतणार नाही आणि उन्हात फुटणार नाही, असं बारमाही टायर कोणतं, एवढाच प्रश्न होता. साहेबांना पत्र गमतीचं वाटलं, म्हणून त्यांनी मला पाठवलं. तुळजापूरचा घाट चढून गेल्यावर मात्र गंमत ओसरली. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती आणि रस्त्याकडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसली होती.

स्टँडवर संस्थेचा ड्रायव्हर लक्ष्मण दुधाची जीप घेऊन आला होता. पत्र त्यानेच लिहिलेलं. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मोजका आणि गाडी चालवायला भन्नाट. वजन कमी व्हावं म्हणून त्याने मागची बाकडी काढून टाकली होती, तिथे आता दुधाचे कॅन आणि ओली पोती. मी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून बसलो आणि संस्थेचं गाव बेंबळी येईपर्यंत सोडली नाही.

वाटेत त्याच्याकडून हकिगत कळली. चारा आटला, तसं प्रत्येक गावचं दूध आटलं. कॅन भरायला पूर्वी सहा गावं पुरायची, आता अकरा फिरावी लागत. गावं वाढली तरी ऊन थांबत नव्हतं. नऊच्या आत शीतकरण केंद्र गाठलं नाही तर दूध नासायचं. वर्षभरात दोनदा नासलं होतं. एकदा पावसाळ्यात शेवटच्या वस्तीच्या वाटेवर जीप रुतली म्हणून, आणि एकदा चैत्रात, तापलेल्या डांबरावर टायरचं रबर सोलून निघालं म्हणून. आता संस्थेचे चेअरमन ती वस्तीच फेरीतून वगळायला निघाले होते.

"म्या जोरात चालवतो, खरं हाय," लक्ष्मण म्हणाला. "पण हळू चालवलं की दूध नासतं. आन् वस्ती सुटली की त्यांची जनावरं बाजारात जातील, सायब. दुसरं काय न्हाय त्यांच्यापाशी."

सतरा घरांची ती वस्ती. मी पिशवीतून मोठमोठ्या गोट्यांचा (रबराच्या जाड उंचवट्यांचा), खोल खाचांचा नमुना काढला आणि ऐटीत सांगितलं की काळ्या मातीला हेच. आमच्या माहितीपुस्तकात तसं छापलेलं होतं. लक्ष्मणने तुकडा पाहिला आणि जीप बेंबळीच्या बाजारात एका लिंबाखाली नेऊन उभी केली.

तिथे गणपतमामा बसले होते. जुनी टायरं कापून चपला करायचा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. पंचक्रोशीतली माणसं त्यांच्या चपला घालून बारा महिने चालत, आणि कोणती नक्षी कधी दगा देते ते दुरुस्तीला आलेल्या चपला त्यांना सांगत. त्यांच्या मते गोट्यांचे तळ वैशाखात डुलायचे आणि मग सुटायचे. नागमोडी तळ उन्हाळ्यातही दुरुस्तीला फारसे येत नसत. सरळ रेघांचे तळ रस्त्यावर झकास, पण ओल्यात घसरायचे. लक्ष्मणचा जीव मात्र त्याच रेघांवर होता, कारण वळणावर गाडी हलत नाही.

मामांनी माझा लाडका तुकडा पालथा केला. "काळ्या रानात हे दोन पावलं चालतंय. तिसऱ्याला पाय उचलत न्हाय."

माणसाचा पाय वेगळा आणि गाडीचं चाक वेगळं, असं मी त्यांना समजावून सांगितलं. माझा आवाज जरा चढलाच. मामांनी वाद घातला नाही, खिळे शोधायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन अण्णा आले. धोतर, टोपी, भारदस्त देह. चहा आला तो कोरा, कारण दूध होतं नव्हतं तेवढं कॅनमध्ये गेलेलं. मामांनी माझ्या नमुन्यांना पट्टे ठोकून तीन जोड चपला केल्या होत्या. टायर असं पायात घालून पारखायची कल्पना अण्णांना आवडली, पण चालून बघायला चिखल कुठला आणायचा? प्यायला पाणी नाही, तिथे चिखल मागायचा कुणाला? अखेर लक्ष्मणला वस्तीजवळच्या पाझर तलावाची (पाणी जमिनीत मुरावं म्हणून बांधलेल्या तळ्याची) आठवण झाली. त्याच्या तळाशी म्हशी बसण्यापुरता चिखल उरला होता.

मी अर्थातच गोट्यांचा जोड घेतला. लक्ष्मणने रेघांचा. तिसरा, नागमोडी नक्षीचा आणि कडेला उघडणाऱ्या खाचांचा जोड मामांनी मुद्दाम अण्णांना दिला, कारण वजन त्यांचंच जास्त. काठावर झिऱ्यातून (वाळूत उकरलेल्या खड्ड्यातून) पाणी भरायला आलेल्या वस्तीवरच्या बायका घागरी ठेवून बघत उभ्या राहिल्या. इथे कशाचा निकाल लागणार आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मामांचं दोन पावलांचं भाकीत खरं ठरलं. तिसऱ्या पावलाला खाचा भरल्या, पाचव्याला प्रत्येक पायाला पाटा बांधल्यासारखं झालं, आणि सातव्याला चप्पल मागे राहिली. मी म्हशींच्या पंगतीत बसलो. लक्ष्मण माझ्या पुढून वेगाने गेला, पण आडवा, आणि तोही बसला. अण्णा मात्र धोतराचा सोगा धरून चालतच राहिले. त्यांच्या तळव्याखालचा चिखल दोन्ही कडांनी बाहेर पडत होता. पलीकडच्या काठावर जाऊन त्यांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांनाच नवल वाटलं होतं.

बायका पोट धरून हसत होत्या. मीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांच्यातली एक म्हातारी पुढे झाली.

"अण्णा, मग आमचं दूध?"

अण्णांनी आधी आपल्या पायांकडे पाहिलं. "आना," ते म्हणाले. "रोज आना."

वस्तीवर आम्हाला माडगं (हुलग्याच्या पिठाचं, गूळ घातलेलं पेय) मिळालं. मी दोन वाट्या प्यायलो. माझे पाय धुवायला त्या म्हातारीने तांब्याभर पाणी ओतलं. अर्ध्यावर मी नको म्हटलं, पण तिने तांब्या रिकामा केला. ते पाणी कुठून आलं होतं ते मी सकाळीच पाहिलं होतं, आणि मला फार संकोचल्यासारखं झालं.

पुण्याला परतल्यावर अहवालाचा छापील कागद भरायला बसलो. नागमोडी नक्षीची शिफारस केली आणि माहितीपुस्तकातलं काळ्या मातीचं पान बदलावं, असंही लिहिलं. चाचणी कोणत्या वाहनावर घेतली, या रकान्यापाशी बराच वेळ अडलो. शेवटी खरं तेच लिहिलं: संस्थेच्या अध्यक्षांवर. साहेबांनी मला दोनदा बोलावून घेतलं, पण टायरं पाठवली.

शिकलेली मोजमापं मी अजून टाकून दिलेली नाहीत. पण आता नव्या गावी गेलो की आधी माणसांच्या पायात काय आहे ते बघतो, आणि मग पिशवी उघडतो.

श्रावणात लक्ष्मणचं कार्ड आलं. टायरचा त्यात उल्लेखही नव्हता. चांगल्या घोटीव अक्षरात तीन ओळी होत्या: पाऊस झाला. चिखल लई झाला. वस्तीचं दूध रोज येतंय.