शेवटचा मोकळा ठेवायचा

भूतबीत मी मानत नाही. स्मशानाच्या भिंतीला लागून असलेल्या कारखान्यात निम्मं आयुष्य काढलं, मला कधी कुणी दिसलं नाही. दिसली ती जिती माणसं, आणि लबाडी करताना दिसली. त्यामुळं हे वाचून कुणाला म्हातारा भ्रमिष्ट झाला असं वाटलं तर वाटू दे. चौथी शिकलोय, झालं तसं सांगतो.

आमचं घर सोलापुरात, पूर्व भागात. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग होते. तीन मागांवर तीन कामगार. शेवटचा, खिडकीजवळचा, माझी बायको शालन कुणालाच नेमून देत नसे. कुणाचा माग बिघडला की तो माणूस तिथं सरकायचा. "बसलेला माग परवडतो, बसलेला माणूस न्हाई," म्हणायची. एरवी दुपारी त्याच मागाला टेकून ती सुताच्या कांड्या भरायची.

पुढं धंदाच बसला. तीन माग भंगारात गेले, शालनचा तेवढा ठेवला. सून सुवर्णा आता पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर टॉवेल-चादरीची डिझाइनं करते. मोठं डिझाइन लावलं की कॉम्प्युटर गपगार… पडद्यावरचा बाणसुद्धा हलायचा नाही. एकदा ती सासूला म्हणाली, "अत्ती, ह्याच्या पोटात आठ कामगार हायत बघा. कुठल्या कामाला कुठले लावायचे ते खूण करून सांगता येतं. मी डिझाइनला आठी लावले होते, तिथंच घोळ झाला."

"सगळेच जुंपल्यावर हाक मारली तर ओ कोण देणार गं?" शालन म्हणाली. "शेवटचा मोकळा ठेव. त्यो माझा."

सुनेनं पडद्यावरच्या आठ चौकोनांतली शेवटची खूण काढली. बाण पळायला लागला. दोघी लई हसल्या.

यंदा शालन गेली. कशी गेली ते लिहीत नाही.

दिवसपाणी उरकलं आणि मुलगा राजू म्हणाला, "अप्पा, त्यो माग मोडू. तितं दुसरा कॉम्प्युटर बसवू."

"आधी मला मोड," म्हणालो.

मग एका दुपारी सून कपाळाला हात लावून बसलेली. कामाची घाई होती म्हणून राजूनं सकाळी आठही खुणा लावल्या होत्या. शेवटची गेलेली. तिनं परत लावली, दुसऱ्या दुपारी परत गेली.

"मामा, प्रोग्राम बंद करून उघडला तर खुणा आपोआप लागतात. निघत न्हाईत कधी. आणि मी त्यो बंदच केला न्हाई…" तिनं डोक्यावर पदर घेतला. "अत्तीच हायत वो."

माझं डोकं तिथंच सणकलं. शालन कॉम्प्युटरात आहे म्हटल्यावर म्हातारा माग सोडेल – डाव हाच! राजू बोललाच की, "आई हितं असंल तर त्या लोखंडाला कशाला कवटाळताय?"

रिपेरीवाला आला, सगळं पुसून नव्यानं भरून गेला. खूण गेलीच.

ठरवलं, चोर धरायचा. खूण कशी लावायची, कुठं बघायची, सुनेकडून शिकून घेतलं. राजू आणि ती तिच्या माहेरी होटगीला निघाले, जाताना तिनं डिझाइन लावून दिलं. मी दाराला आतून कडी घातली, इंटरनेटची वायर उपटली, आठवी खूण माझ्या हातानं लावली. समोर खुर्ची टाकून बसलो. भाकरीही तिथंच खाल्ली. डोळा लागला नाही.

दुपारी शालनची कांड्या भरायची वेळ झाली तशी खुणा उघडून बघितल्या. सात खुणा. शेवटचा चौकोन रिकामा.

शेडमध्ये जाऊन आलो. कुणी नव्हतं. माग होता.

राजू आल्यावर दाखवलं. तो पडदा सोडून माझ्याकडंच रोखून बघायला लागला. "अप्पा, तुमीच काढताय की खूण! माग ऱ्हावा म्हणून."

"मी? मला परवापर्यंत माऊस कसा धरायचा ठावं न्हवतं!"

"आता शिकलाय की."

"तुझ्या आईची शपथ घेऊ?"

दुसऱ्या दिवशी राजूनं पासवर्ड बदलला, स्वतः आठही खुणा लावल्या, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात. आम्ही बापलेक उंबऱ्यावर बसलो, एकमेकांवर नजर ठेवून. दुपारी कुलूप काढलं. बघितलं.

शेवटचा चौकोन रिकामाच. राजू भंगारवाल्याला फोन लावून "येऊ नका" म्हणाला आणि शेडमध्ये जाऊन मागावरची धूळ पुसायला लागला.

ह्याला कारण काय, शिकलेल्यांनी सांगावं. मला कळलेलं नाही. संशयही गेलेला नाही – कधी राजूवर येतो, कधी सुनेवर, एखाद्या वेळी माझ्या स्वतःवर.

आता शेवटचा मोकळाच ठेवतात. दुपारी मी पडद्यासमोर खुर्ची टाकून बसतो. शालनला हाक मारून बघावी असं रोज तोंडावर येतं… मारत नाही. ओ आली नाही तर काय करू?