हिंगाच्या डब्यातला मोगरा

आमच्या घरातला सुगंधी मेणाचा धंदा एका नाकासाठी सुरू झाला. ते नाक माझ्या सासूबाईंचं.

आदिलाबादला आमचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. सासरे गल्ल्यावर बसतात, पण मालाची पारख मागच्या घरात व्हायची. तूप आलं की डबा आधी सासूबाईंच्या नाकाखालून जायचा, घासाघीस नंतर. वरण तळाला लागणार हे त्यांना अंगणात कळायचं. करोनाच्या तापातून त्या उठल्या, हिंडू-फिरू लागल्या, वास मात्र परत आला नाही. घरातल्या बाकी सगळ्यांचा आला, यांचाच राहिला. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं आणि त्या चुलीशेजारी बसून शेंगा सोलत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोडणीची पळी माझ्या हातात दिली. ती पळी घेताना मला फार वाईट वाटलं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ काही उग्र वास हुंगत राहा, नाक कधी कधी पुन्हा शिकतं, धीर सोडू नका. म्हणून मी गुलाब, मोगरा, लवंग अशा तेलांच्या बाटल्या मागवल्या. बाटल्या सारख्या उघडून तेल उडायला लागलं, तेव्हा मोबाईलवर बघून ते वितळलेल्या मेणात ओतलं आणि बर्फीच्या साच्यात वड्या पाडल्या. साड्यांच्या घडीत ठेवायच्या सुगंधी वड्या. शेजारणींनी मागितल्या, मग त्यांच्या बहिणींनी मागितल्या, आणि सासऱ्यांनी दुकानातली पापडांच्या वरची एक फळी मला दिली.

पहिली वडी मी सासूबाईंना नेऊन दिली होती. त्यांनी ती नाकाशी धरली, डोळे मिटले, बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, वास उडाला वाटते, पॅकिंग हलकं हाय. नवऱ्याने लगेच मान डोलावली, सासरे म्हणाले, पॅकिंगच हलकं. मीही हो म्हटलं. वडी नुकतीच साच्यातून निघाली होती, तिला अजून कागदसुद्धा लागला नव्हता.

पण एकदा घराने दोष पॅकिंगवर ठेवला म्हटल्यावर पॅकिंग सुधारणं भाग होतं. आधी बटर पेपर आणला. मग दुकानातल्याच पातळ पिशव्या वापरल्या. त्या डाळीसाठी ठीक आहेत, मोगऱ्याला त्यांचं काहीच वाटत नाही. तो पिशवीतून निघाला आणि खालच्या चहापत्तीत जाऊन बसला. तलमडुगू गावचे एक काका चहापत्ती परत घेऊन आले. म्हणाले, चहा प्यायलो तं गजरा चावल्यावानी लागते. सासऱ्यांनी पत्ती बदलून दिली आणि तो आठवडा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

मग आतून चंदेरी फॉइल असलेली जाड पाकिटं आणली. पाकिटाच्या तोंडाला लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पातं धरायचं आणि काठावरून मेणबत्तीची ज्योत फिरवायची, की सील पक्कं. मेणाच्या वडीला कोंडायला मेणबत्तीच कामाला लावलेली. या पाकिटात वास खरंच टिकला. फक्त आमच्याकडे तांदळाचा दाणा चावल्याशिवाय कोणी तांदूळ घेत नाही, तर वडी हुंगल्याशिवाय कोण घेईल? बाया नखाने पाकीट फोडायच्या, हुंगायच्या, छान आहे म्हणायच्या आणि मागचं न फोडलेलं पाकीट मागायच्या. शेवटी एक वडी मी हुंगण्यासाठी उघडी ठेवली. ती बिचारी इतकी हुंगली गेली की तिला बायांच्या कुंकवाचा रंग चढला.

सासूबाईंना प्रत्येक नवं पाकीट दाखवायचं, हा आता रिवाज झाला होता. त्या मन लावून हुंगायच्या आणि म्हणायच्या, आता थोडं बरं हाय, पन उडते अजून. आम्ही तिघं गंभीर चेहऱ्याने अजून जाड पाकिटाची चर्चा करायचो. गावभर टिकणारा वास एका नाकाजवळ येऊन संपायचा आणि त्याचा ठपका पाकिटावर.

अशात संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी कॉलनीतल्या एका शिक्षिकाबाईंनी वाणाला मोगऱ्याच्या वड्या सांगितल्या. एवढा मोठा माल पहिल्यांदाच. वड्या पाडल्यावर काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, लोणच्यासारखा त्यांच्यात वास मुरतो. एवढ्या वड्या मुरवायला डबे कुठले? तेव्हा सासऱ्यांना सुचलं. दुकानात हिंगाचे मोठे पत्र्याचे रिकामे डबे होते, घट्ट झाकणाचे.

"या डब्यानं आजवर हिंगाचा वास बाहेर येऊ देल्ला नाई," ते म्हणाले, "तुह्या मोगऱ्याले काय सोडते?"

त्यात चूक काढायला जागा नव्हती. किराणावाल्याच्या घरात याहून मोठा पुरावा नसतो. त्यांनी स्वतः डबे राखेने घासले, चिंचेने धुतले, गच्चीवर उन्हात पालथे घातले. मी बटर पेपरमध्ये वड्या गुंडाळून आत रचल्या आणि झाकणं ठोकून बसवली.

संक्रांतीच्या अलीकडे डबे उघडले. मी हुंगलं, मोगरा. पण दिवसभर त्याच तेलात हात असलेल्या बाईच्या नाकाला काय किंमत? नवऱ्याने हुंगलं, मोगरा. सासऱ्यांनी हुंगून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं, मोगराच. दोघांचं आयुष्य हिंगाच्या शेजारी गेलेलं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. रिवाजाप्रमाणे एक वडी सासूबाईंकडे गेली. त्यांनी ती नाकाशी धरली. आठ्या पडल्या. वडी दूर नेली, पुन्हा जवळ आणली.

"काऊन वं," त्या म्हणाल्या, "याले हिंगाचा वास येऊन राह्यला."

सासरे भडकलेच. चिंचेनं धुतले, ऊन दाखवलं, हिंग कुठून येईल, म्हणून त्यांनी डब्यांची बाजू लावून धरली. नवऱ्याने मात्र तोवर दुसरी वडी उचलून सासूबाईंपुढे धरली होती. त्या अजून हुंगतच होत्या. मोगरा बी हाय, त्या सावकाश म्हणाल्या, पन हिंगाच्या मांगं हाय. तेव्हा कुठे सासऱ्यांना कळलं की वास कोणाला येतो आहे. मी वड्यांच्या ढिगात बसून रडले. सगळा माल वाया गेला होता आणि मला इतका आनंद त्याआधी कधी झाला होता, आठवत नाही.

शिक्षिकाबाईंना घाईघाईत नव्या वड्या दिल्या, स्टीलच्या डब्यात जेमतेम मुरलेल्या. हिंगवाल्या टाकून द्यायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला. त्या वड्या आता त्यांच्या कपाटात आहेत. त्यांच्या साड्यांना मोगऱ्याचा वास येतो आणि मागून फोडणीचा. लग्नात शेजारी बसलेल्या बाया स्वयंपाकघराकडे वळून बघतात. त्यांचं नाक पूर्ण आलं असं नाही, हळूहळू येतं आहे. पळी मात्र त्यांनी परत घेतली.

परवा पाकिटं सील करताना मी त्यांना विचारलं, आई, तेव्हा तुम्हाला खरंच वाटायचं का, की पॅकिंग हलकं आहे?

त्यांनी पातं काठावर नीट धरलं आणि ज्योत फिरवली.

"म्या पॅकिंगवर ढकललं म्हून तू करत राह्यली," त्या म्हणाल्या. "नाक गेलं म्हनलं असतं, तं तू बंद केलं असतं."