चढावर तिसरा गिअर

तापलेल्या डिझेल इंजिनाचा वास आला की मला पेठचा घाट आठवतो. एसयूव्ही घेऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या घाटात माणसांनी खच्चून भरलेली सुरगाण्याची एक जुनी जीप हॉर्न देत मला मागे टाकून गेली. शेजारी वडील बसले होते, म्हणून ते जास्तच लागलं. दुसऱ्याच दिवशी मी पेठ रोडवरच्या एका गॅरेजात गेलो आणि म्हणालो, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्युनिंग करून टाका, पॉवर वाढली पाहिजे. गॅरेजवाल्याने लॅपटॉप काढला, पण जोडला नाही. "आधी घाटात एक चक्कर मारू," म्हणाला. चढ लागला तशी गाडी धापा टाकायला लागली, तिची थरथर तळपायांना जाणवू लागली, तरी मी चौथा गिअर सोडला नाही. वडिलांनी मळ्यातल्या जीपवर हेच शिकवलं होतं: गाडी पळाली की वरचा गिअर, डिझेल वाचतं. अर्ध्या घाटात त्याने गाडी थांबवायला लावली, स्वतः स्टिअरिंगवर बसला, तिसऱ्यावर ठेवली, आणि तीच गाडी सरसर वर चढली. "साहेब, कंपनीने दिलंय ते तरी आधी वापरा, ट्युनिंगचं नंतर बघू," एवढं बोलून त्याने वरच्या टपरीवर चहा सांगितला. ते ‘नंतर’ कधी आलंच नाही. परवा त्याच चढावर माझी मुलगी गाडी चालवत होती. तिने तिसरा टाकला, इंजिनाचा आवाज चढला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, वरचा टाक, डिझेल जळतंय!"