फुग्यांच्या दिवशीचं लग्न

आमचं लग्न कोणत्या तारखेले झालं ते मले माहीत नाही. उन्हाळा होता अन् मांडवात मले चक्कर आली होती, एवढं पक्कं. तारीख लिहून ठेवणारं घरात कोणी नव्हतं. त्यानं आमचं काही अडलंही नाही.

अडलं ते पांढुर्ण्यात, सोनाराच्या दुकानात. बायकोची जोडवी झिजून तारेसारखी झाली, म्हणून नवी घ्यायले गेलो होतो. मी तिले भेट अशी कधी दिली नाही. जे लागलं ते आणलं. त्या दिवशी दुकानभर लाल फुगे. काउंटरवरच्या पोरीनं माह्या फोनचा नंबर लिहून घेतला अन् विचारलं, "बाबाजी, लग्नाची तारीख?" माहीत नाही म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "आजचीच लिही."

जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावले येईपर्यंत बायको तोंडाले पदर लावून हसत होती. "भर उन्हात चक्कर येऊन पडले, अन् लग्न लिहून आले थंडीतलं!"

तवापासून दर साली फुग्यांच्या दिवशी फोनवर हिंदीत येते, शादी की सालगिरह मुबारक. मी एकेक अक्षर जोडून वाचतो. ती भाकर थापता थापता विचारे, "आलं का तुमच्या सोनाराचं?"

ती गेली. तरी यंदाही आलं. जोडीनं या, फोटो काढा, फोटोवाला कप घेऊन जा.

नागपूरले पोराले फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, ते मशीन पाठवते, सगळ्यायले. आई नाही म्हणून दुकानात सांगून द्या. नाव काढून टाकतील."

मले राग आला. मेलेल्या बाईच्या नावानं धंदा करता का, असं तोंडावर विचारायचं ठरवलं. धुतलेली टोपी घातली अन् निघालो.

दुकानात फुग्यांचा मोठा बदाम बांधला होता. त्याच्यात एक नवं जोडपं फोटोसाठी अवघडून उभं होतं. काउंटरवर पोरगी तीच.

"बाबाजी, एकटेच? आजीले नाही आणलं?"

मी सांगायलेच गेलो होतो.

"तिले असे चोचले आवडत नाही," म्हटलं.

"पण कप जोडीनं आल्यावरच भेटते नं."

"मी कप मांगितला का तुले?"

"मंग आले काऊन?" ती हसून राहिली होती. "मेसेजचा तरास होते का? बंद करून देऊ?"

तिचं बोट कॉम्प्युटरच्या बटनावरच होतं. बायको नाही राहिली म्हटलं असतं तर तिनं तिथंच नाव पुसलं असतं. ती तारीख खोटी हाये म्हणून हसणारं आता घरात कोणी नाही. मेसेजही बंद झाला असता, तर तो दिवस बाकीच्या दिवसांसारखाच गेला असता.

"राहू दे," म्हटलं. "येऊ दे."

"मंग पुढच्या साली आजीले घेऊन या. पक्कं?"

"विचारतो तिले," म्हटलं, अन् टोपी नीट करून पुलाकडे निघालो.