टोचलं तर सांगायचं

त्या गल्लीत तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. ती कवळीताई. तिचे बाबा दातांच्या कवळ्या बनवायचे. ती शाळेतून आली की त्यांच्याशेजारी बसून मेण वितळवायची, आणि मोठी झाल्यावर तीच कवळ्या बनवू लागली. शिंप्याच्या दुकानाशेजारून जिना, वर एक लांबट खोली, खिडकीला लागून मोठं टेबल, टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या आणि भिंतभर फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. नवीन माणूस आत आला की आधी दचकायचा. एवढे लोक एकदम दात विचकून बघायला लागले तर दचकेल नाही तर काय करेल बिचारा.

दातांचे डॉक्टर रस्त्यापलीकडे. ते दात काढायचे आणि कवळीचं काम इकडे पाठवायचे. कवळी हातात देताना बाबा प्रत्येकाला एकच गोष्ट बजावायचे, की टोचलं तर सांगायचं, भिडेखातर गप्प बसायचं नाही. टोचणारी कवळी माणसं तोंडात ठेवत नाहीत, डबीत ठेवतात, आणि मग आमची मेहनत पाण्यात. लेकीनेही हे बोलणं जसंच्या तसं उचललं.

आणि आता बघा, याला काय म्हणावं. जगाला टोचलं तर सांगा म्हणणारा हा माणूस, स्वतःच्या पोटात दुखत होतं ते वर्षभर बोलला नाही. जेवण कमी झालं तर म्हणे वय झालं. पँट ढगळ व्हायला लागली तर म्हणे बरंच झालं, पोट सुटलंच होतं. "काही नाही गं," एवढंच. मेणाच्या खणात, अगदी मागे, गोळ्यांची रिकामी पाकिटं तिला सापडली तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं. बाबा गेले. तिला रडू आलंच, पण त्याहून जास्त राग आला, आणि तो काढायचा कोणावर? ज्याच्यावर काढायचा तोच हातावर तुरी देऊन निघून गेलेला.

धाकटी बहीण फोन करायची. दुकान बंद कर, माझ्याकडे ये, म्हणायची. ही म्हणायची, बघू. पन्नाशी उलटलेली, लग्न राहून गेलेलं. स्थळं येत होती तेव्हा दुकानात मान वर करायला फुरसत नव्हती, आणि फुरसत मिळाली तोवर स्थळं यायची थांबली. संध्याकाळी काम आटोपलं की ती उभ्या उभ्या काहीतरी खाऊन घ्यायची, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून.

अशा दिवसांत तिच्याकडे भोंगा आला.

भोंगा म्हणजे ट्रम्पेट वाजवणारा. उंच, जरा वाकलेला, साठीला टेकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर रविवारी बागेतल्या चौथऱ्यावर एक बँड वाजायचा, त्यातला हा. एके काळी या बँडने माणसं पहाटेपर्यंत नाचवली होती. आता नाचणाऱ्यांचे गुडघे गेले आणि वाजवणाऱ्यांचेही. भोंग्याला हिरड्यांनी दगा दिला. वरचे, पुढचे चार दात हलायला लागले आणि ते काढायलाच हवेत असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने कवळीताईला आल्या आल्या सांगून टाकलं, "चावायची मला काळजी नाही हो, मी पातळ खाऊनही जगेन. मला फुंकायचंय."

दात काढायच्या आधी तिने त्याच्या तोंडाचा साचा घेऊन ठेवला. दात म्हणजे नमुनाच होता. एक दुसऱ्याच्या मांडीवर बसलेला, तिसऱ्याची कड उडालेली, मध्ये फट. माप एकदा घेतलं की पुरतं, पण हा गृहस्थ येतच राहिला. आज दातांचा रंग बघायला, उद्या असंच, जाता जाता. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे हे जाता जाता कसलं ते तोच जाणे. पहिल्याच दिवशी तो बाबांच्या खुर्चीत जाऊन बसला. उठा म्हणायला हिने तोंड उघडलं आणि का कोण जाणे, चहा घेणार का, असं विचारून बसली.

चहा घेता घेता तो बँडबद्दल बोलायचा. सॅक्सोफोनवाल्याला आता लांब सूर झेपत नाही, तो मध्येच श्वास चोरतो. तेव्हा हा जरा जोरात फुंकून झाकून घेतो. अकॉर्डियनवाल्या मावशींचा खांदा भरून येतो, म्हणून दर गाण्यानंतर कोणीतरी लांबलचक विनोद सांगायचा, तेवढाच त्यांना विसावा. ड्रमवाल्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून सगळे त्याच्या उजवीकडे बसतात. गाणी तीच, पण वर्षा-दोन वर्षांनी पट्टी खाली आणायची. असंच उतरत उतरत एक दिवस जमिनीला टेकू, असं म्हणून तो स्वतःच हसायचा, आणि हसताना तोंडावर हात धरायचा.

तो हात तिच्या जिवाला लागला. याला पुन्हा तोंड झाकावं लागू नये असे दात करायचे, असं तिने मनाशी घेतलं. खरं सांगायचं तर माणूस आवडला होता. आवडलेल्या माणसाला आपल्याकडचं चांगल्यातलं चांगलं द्यावंसं वाटतं, आणि हिच्याकडे द्यायला दात होते. ते तिने असे घडवले की काय विचारता! सरळ, एकसारखे, नवरदेवाला शोभावेत असे.

त्याने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"टोचतंय का कुठे?"

"छे. छान आहेत. अगदी छान."

तिचा चेहरा असा फुलला की तो पुढे काही बोललाच नाही.

त्यानंतरही तो यायचा. वाजवणं कसं चाललंय विचारलं की चाललंय की, म्हणायचा आणि चहाच्या कपात बघायचा. शेवटी एका रविवारी तिने ठरवलं, आपणच जाऊन ऐकावं. बाबा गेल्यापासून रविवारी ती पहिल्यांदाच घराबाहेर पडत होती. कपाटातली ठेवणीतली साडी काढली, आणि आरशात बघून स्वतःलाच जरा हसली.

बागेत पोहोचली तर ट्रम्पेटची खुर्ची रिकामी. भोंगा मागे कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्या हातात होता खुळखुळा. पाळण्यातल्या बाळाला रमवावं तसा तो हलवत होता. हसत होता मात्र झकास. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ना, हिने त्याला नुसते दाखवायचे दिले होते.

बँड थांबला तेव्हा तिने ड्रमवाल्याला गाठलं. कमी ऐकू येणारा माणूस कुजबुजतो तसा तो कुजबुजला, म्हणजे अर्ध्या बागेला ऐकू गेलं. त्याचा ओठ जुन्या वेड्यावाकड्या दातांना सरावलेला, नव्यांवर तो टेकतच नाही म्हणे, सूर निघतो तो फाटका. हे पहिल्याच दिवशी कळलं, पण ताईंना सांगायचं नाही अशी त्याने सगळ्यांना शपथ घातली. आता तर ट्रम्पेट विकायला काढलंय, शनिवारी माणूस न्यायला येणार आहे.

मागे भोंग्याच्या हातात उगाच वाजत असलेला खुळखुळा थांबला. ती तशीच घरी निघून आली.

दुसऱ्या दिवशी तो जिना चढून आला आणि दारातच उभा राहिला. बसा, असं तिने म्हटलं नाही.

"जन्मभराचं वाजवणं सोडायला निघालात, पण मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही इतक्या मनापासून केले होते. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला वाईट वाटू नये म्हणून," ती म्हणाली, "माझे बाबा गप्प राहून गेले."

आणि मग वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. प्लॅस्टरने पांढऱ्या झालेल्या हातांनीच तिने डोळे पुसले. ते वाचले असते की नाही देव जाणे, ती म्हणाली, पण शेजारी बसता आलं असतं, पाय दाबून देता आले असते, निदान भांडता तरी आलं असतं. गप्प बसणाऱ्याला वाटतं, आपण दुसऱ्याचं दुःख वाचवलं. वाचवलं कसलं, परकं केलं मला, स्वतःच्या बापाने. तो मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. उगी उगी म्हणाला नाही, हे त्याने बरं केलं.

जरा वेळाने तिने नाक पुसलं. "आणि मी म्हणते, टोचतंय म्हणाला असतात तर रोज यायला कारण नसतं का मिळालं?"

तो विचारात पडला. "हे सुचलंच नाही," त्याने कबूल केलं. त्या रडण्यातही तिला हसू फुटलं.

मग तिने हात पुढे केला, कवळी मागून घेतली आणि त्याच्यादेखत ते चारही देखणे दात उपटून टाकले. फळीवरून त्याच्या जुन्या दातांचा साचा काढला. एकाच्या मांडीवर दुसरा, उडालेली कड, मधली फट, जसं होतं तसं मेणात लावायला घेतलं. ट्रम्पेट न्यायला येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून कळवून टाकलं. रोज संध्याकाळी भोंगा यायचा, फुंकायचा, आणि काय खुपतंय ते त्याला सांगावंच लागायचं. छान हा शब्द त्या खोलीत बंद. फटीतून वारा जास्त जातोय, असं तो म्हणाला की ही पुन्हा मेण हातात घ्यायची. कधी वैतागायची, मग दोघांची जुंपायची, आणि खालून शिंपी ओरडायचा, की एक तर भांडा नाही तर वाजवा, दोन्ही एकदम नको. बहिणीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती फोनवर पोट धरधरून हसली. "दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे मिळाले, तर दातही तूच करून देतेयस!"

पुढे एका रविवारी भोंगा ट्रम्पेटच्या खुर्चीवर बसला. पट्टी आणखी एक खाली आली होती. एका लांब सुरावर त्याचा ओठ थकला आणि आवाज फाटणार, तेवढ्यात सॅक्सोफोनवाल्याने होता नव्हता तेवढा श्वास घालून तो झाकून घेतला. ऐकणाऱ्यांतल्या फक्त एकीला ते कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

बागेतून दोघं दुकानातच परत आली. त्याने ट्रम्पेटची पेटी दारापाशी टेकवली. तिने सवयीने विचारलं, टोचतंय का. डावीकडे, जरासं, म्हणाला. ती खूश होऊन कानस शोधायला लागली.

"आणि तुमचं?" तो म्हणाला.

"माझं काय?"

"तुम्ही सगळ्यांना विचारता. तुमचं कुठे टोचतं?"

काही नाही, असं तिच्या जिभेवर आलंच होतं, थेट बाबांच्या आवाजात. तिने ते गिळलं.

"दुकान बंद केलं की," ती म्हणाली. "तुम्ही उठून जाता आणि ती खुर्ची रिकामी होते. तेव्हा टोचतं."

 मग दारापाशी ठेवलेली ट्रम्पेटची पेटी त्याने उचलली, फळीवरचे दोन जबडे जरा सरकवले आणि तिथे नीट आत सारून ठेवली.

"मग नाही उठत," तो म्हणाला, आणि बाबांच्या खुर्चीत बसला.